मार्कर निसटला

रुचिताचा चिकटपट्टी लावण्यात हात बसला होता. घोडबंदर रोडवरच्या त्या प्रयोगशाळेत खेळाडू आला की त्याच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर चकाकत्या गोळ्या चिकटवायच्या. त्यांना मार्कर म्हणतात. मग भोवतालचे कॅमेरे शरीर कसं हलतं ते टिपतात. दोन महिन्यांची इंटर्नशिप, त्यातला पहिला आठवडा लोकांचे घामट पाय पुसण्यातच गेला. पण कॉलेजच्या संघात डावा कोपरा सांभाळणारी कबड्डीची पोरगी ती, घामाला काय भिणार.

शीळफाट्याजवळच्या तिच्याच क्लबातल्या मुली जिल्हा निवडीआधी तपासणीला आल्या, तेव्हा मात्र तिची मान जरा ताठ झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुख स्वप्ना मॅडमनी सगळं तिच्यावर सोपवलं होतं. प्रत्येकीने खोक्यावरून पाच वेळा खाली उडी घ्यायची. मार्कर निसटला तर ती उडी बाद, तसा शेरा लिहायचा, आणि उरलेल्या उड्यांवर रिपोर्ट काढायचा. शेरा लिहिणाऱ्याच्या शब्दावर सगळं चालायचं.

पायल तिची बालवाडीपासूनची मैत्रीण आणि क्लबाची पहिली चढाईपटू. तिच्या तीन उड्या ठीक पडल्या. चौथ्या-पाचव्या उडीला ती दमली आणि उजवा गुडघा असा आत वळला, की पडद्यावर बघताना रुचिताने ओठ चावला. अशा गुडघ्याला लाल शेरा, आणि लाल शेरा म्हणजे सहा आठवडे मैदान बंद. निवड दहा दिवसांवर आलेली.

"रुचे, त्या दोन उडव ना यार," पायल हळूच म्हणाली. "मॅडम चहाला गेल्यात. निवड झाली की मी स्वतः आराम करेन, आईशप्पथ."

मार्कर जागच्या जागी होते. रुचिताने दोन्ही उड्यांपुढे लिहिलं, 'मार्कर निसटला'. मैत्रीला जागले, असंच तिला तेव्हा वाटलं. अक्कल गहाण पडली की माणसाला असंच वाटतं.

बाहेर पायलची आई, आवडाबाई, रिपोर्ट उलटासुलटा करत उभी होती. "मना यातला काय समजत नाय गो. तूच सांग, पोरीचं पाय बरं हायत ना?"

"एकदम ओके, काकी."

पायलची निवड झाली. दुसऱ्याच सामन्यात बोनस घेऊन वळताना ती बसली ती उठलीच नाही. गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वर्षभर खेळ बंद सांगितला.

त्यानंतर रुचिताला अन्न गोड लागेना. त्यात आवडाबाईने तिच्यासाठी सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, पोरीसाठी तू किती केलंस म्हणून. तिने डबा तसाच झाकून ठेवला. इकडे स्वप्ना मॅडम पायलचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढून बघत होत्या. "इतका स्वच्छ रिपोर्ट आणि हे झालं," त्या म्हणाल्या. "माझीच पद्धत चुकतेय. बाकीच्या मुलींचे रिपोर्टही मी आता मागे घेणार."

तेव्हा रुचिताने सांगून टाकलं. मॅडमनी जुनं चित्रण लावलं, दोन्ही उड्या पाहिल्या आणि पडदा बंद केला. "उद्यापासून तू येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या घरी माझ्या आधी तू जा."

ती थेट पायलच्या घरी गेली. पायल पाय उशीवर ठेवून पडली होती. सगळं ऐकून तिने आधी दाराकडे बघितलं.

"आईला नको सांगू," ती म्हणाली. "तिला वाटतंय, नशिबात होतं. तेच बरंय. तू मैत्रीण ना माझी?"

त्या दिवशीचाच आवाज, तेच आर्जव. रुचिताला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती उठून स्वयंपाकघरात गेली. आवडाबाई मासे साफ करत होती. समोर जमिनीवर बसून रुचिताने गुडघा, उड्या, खोटा शेरा, सगळं सांगितलं. पायलने गळ घातली होती, एवढं मात्र तिने सांगितलं नाही.

आवडाबाई चिडली नाही, रडलीही नाही. तिने विळी आडवी केली, हात धुतले, पदराला पुसले.

"मना वाचाया येत नाय," ती म्हणाली, "म्हनून तं तुला इचारलं व्हतं."