रिव्हॉल्वरवरचा कुंकवाचा डाग

रिव्हॉल्वर विकायचं ठरलं ते मुलीमुळे. ती पुण्यात नोकरी करते. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून रायपूरच्या घरात मी एकटा आहे. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता मुलीचा फोन येतो. गेले सहा महिने प्रत्येक फोनच्या शेवटी तिचं एकच मागणं असायचं, "बाबा, वो बेच दो ना." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीत देते.

मी तिला समजावून सांगितलं. लोखंडी कपाट, दोन कुलुपं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. चोरीला जायची शक्यता जवळजवळ नाहीच.

"मैं चोरी की बात नहीं कर रही," ती म्हणाली.

मग कशाची, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

खरं तर गरज कधीच संपली होती. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी हिशेब पाहायचो, ड्रायव्हरांच्या पगाराची रोकड आणावी लागे, म्हणून परवाना काढला होता. आता पगार थेट खात्यात जातात. बारा वर्षांत एकूण सहा गोळ्या झाडल्या, त्याही एकाच दिवशी, सरावाच्या मैदानावर.

विक्रीची परवानगी हातात आल्यावर मी आधी स्वतःच किंमत काढायला बसलो. शंभर गुणांचा तक्ता केला. नळीला तीस, सिलिंडरला पंचवीस, घोडा-चाप आणि स्क्रूंना वीस, वरच्या काळ्या-निळ्या मुलाम्याला पंधरा, मुठीला दहा. नळी आतून आरशासारखी होती, तिला एकोणतीस दिले. सिलिंडर तेवीस. घोडा-चाप अठरा. मूठ नऊ. मुलाम्याला मात्र पंधरापैकी तीनच देता आले. बेरीज ब्याऐंशी.

ते तीन का, तर उजव्या अंगाला, चापाच्या वर, रुपयाएवढा खरबरीत डाग आहे.

तो बायकोचा. खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री, माझा कॅल्क्युलेटर आणि हे रिव्हॉल्वर मांडून ती पूजा करायची. ओलं हळदीकुंकू लावायची, तेही दरवर्षी नेमक्या त्याच जागी. पुसायचं ते दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर. म्हणजे वर्षातली एक अख्खी रात्र ते ओलं कुंकू लोखंडावर. मी दरवर्षी सांगायचो, गंज धरेल.

"लोखंडाले काय होते?" ती म्हणायची. "तुमच्या कपाळाले इतकी वर्षं लावून राहिली, पडला काय खड्डा?"

दहा खंडेनवम्या झाल्या. खड्डा पडला. नंतरच्या दोन दसऱ्यांना मी पाट मांडलाच नाही.

बंदुकांचं दुकान बूढापाऱ्यात आहे, तलावाकडून आत गेलेल्या गल्लीत. दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, परवान्यावरचा नंबर जुळवला, मग पांढरा कागद आडवा धरून नळीतून पाहिलं.

"नली एकदम बढ़िया," तो म्हणाला. मग त्यानं ते उलटवलं आणि डागावर अंगठा ठेवून हसला. "मराठी घर का है ना? आपके यहाँ का माल हम पीछे से भी पहचान लें. सबमें टीका लगा रहता है."

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी समोरासमोर हसलो, हे नंतर लक्षात आलं.

मग त्यानं सिलिंडर बोटानं हलवून पाहिलं. घोडा मागे घेऊन, अंगठ्यानं धरून, हळू सोडला. डोळ्याला भिंग लावून स्क्रूंची डोकी एकेक करून पाहिली.

"साहब, कितना चलाया है?"

"सहा गोळ्या."

"नली भी यही कह रही है. पर ये पेंच देखिए, सब घिस गए हैं. तेल ही तेल है अंदर. ये चलाने से नहीं, खोल-खोल के साफ करने से घिसा है." त्यानं भिंग काढलं. "इतना कौन साफ करता है?"

मी म्हणालो, मीच. दर रविवारी.

"घर में और कौन है?"

"कोणी नाही."

त्यानं घासाघीस न करता सरळ एक भाव सांगितला. रिव्हॉल्वर माझ्याकडे परत सरकवलं नाही, स्वतःच्या बाजूला कापडावर ठेवलं. "आज ही छोड़ जाइए, साहब."

त्या क्षणी मला मुलीचा प्रत्येक रविवार ऐकू आला. ती विचारायची, "क्या किया आज?" आणि मी खरं ते सांगायचो, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नसायचं: "रिव्हॉल्वर साफ केलं." दोन वर्षं, दर रविवारी, हेच एक उत्तर. दुपारी वर्तमानपत्र पसरून एकेक भाग पुसताना दोन तास जातात, एवढाच माझा हिशेब. पुण्यात बसलेल्या मुलीला ते वाक्य कसं ऐकू येत असेल, हे त्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

घोडा-चापाचे अठरा मी मनात नऊ केले. त्र्याहत्तर. त्यानं सांगितलेला भाव त्या मानानं बरोबर होता.

पावती लिहिताना त्यानं विचारलं, "दाग घिसवा के पॉलिश करा देंगे. आपको कोई दिक्कत?"

माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं, वस्तू आता त्याची होती. मी फक्त म्हणालो की पावतीवर आत्ताची स्थिती नीट लिहा. त्यानं लिहिलं, 'दाहिनी तरफ दाग.' मी म्हटलं, कशाचा तेही लिहा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे 'कुंकू का' असं जोडलं.

बाहेर स्कूटरींच्या गोंगाटात मी मुलीला फोन लावला. शनिवार होता, त्यामुळे ती घाबरूनच बोलली, "क्या हुआ बाबा?"

"विकलं."

ती म्हणाली, आणि या वेळी मराठीत, तिच्या आईच्या मराठीत, "मग उद्या काय करसान, बाबा?"

या वेळीही मी खरं तेच सांगितलं, "माहीत नाही."