गाऱ्हाण्यातली माझी हाक

बाजार पडला की माझी भूक वाढते, असं मी दुकानात बसून चारचौघांत ऐटीत सांगायचो. आता ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

डिचोलीत माझं टाइल्सचं दुकान आहे. कुठल्या इमारतीत किती फ्लॅट रिकामे पडलेत, कुठल्या बिल्डरने काम अर्ध्यावर थांबवलंय, हे मला ब्रोकरच्या आधी कळतं. खाणी बंद पडल्या, विमानतळाच्या आशेवर उठवलेल्या इमारतींना गिऱ्हाईक मिळेना, गॅलऱ्यांतून 'विकणे आहे'चे फलक लटकले, आणि मी एकेक फ्लॅट पदरात पाडून घेऊ लागलो. पद्धत सोपी होती. ब्रोकरला पुढे करायचं, स्वतः दिसायचं नाही आणि विकणारा थकेपर्यंत गप्प बसायचं. 'थांब, अजून उतरेल,' एवढंच ब्रोकरला सांगायचं.

गेल्या वर्षी त्याने आणलेल्या एका फ्लॅटच्या मालकाचं नाव ऐकून मी चपापलो. तो आमच्याच पार्से गावचा, माझ्याच वर्गातला, माझा जुना मित्र. जहाजावर स्वयंपाकी होता. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी परतला होता. फ्लॅट विकून पेडण्याच्या रस्त्यावर खानावळ घालायची, हे त्याच्या मनात होतं. बरा भाव आला तर खानावळ, नाहीतर पुन्हा जहाज, असं त्याने माझ्याच दुकानात, माझाच चहा पीत मला सांगितलं होतं. मी सहानुभूतीने मान हलवली. तो गेल्यावर ब्रोकरला फोन केला आणि म्हणालो, थांब, अजून उतरेल.

मग गावची जत्रा आली. आमच्याकडे देवाजवळचं मागणं कुणी मनात ठेवत नाही. देवळाचा मानकरी असलेला गावकर ते गाऱ्हाणं सगळ्यांदेखत मोठ्याने घालतो, आणि जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्या दिवशी मित्राने पुढे होऊन नारळ ठेवला. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो.

गावकराने हात जोडले. "ह्या तुझ्या लेकरान आपलो फ्लॅट विकूक काडलो हा. तेका बरो घेणारो गाठ घालून दी. तेच्या घामाचा मोल तेका मेळू दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलोच. पुटपुटलो असतो तर शेजारच्याला संशय येईल, अशी काहीतरी वेडी भीती मला वाटली. देवासमोर उभं राहून मी माझ्याच विरुद्ध गाऱ्हाणं घातलं होतं आणि मला त्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

बाहेर आल्यावर मित्राने प्रसादाच्या नारळाची एक कवड माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुझो आवाज सगळ्यांत वयर होतो मरे. देव आयकतलो."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. गाडीत बसल्यावर मी फोन हातात घेतलाही होता, भाव वाढवून दे म्हणून ब्रोकरला सांगायला. पण वाढवून दिला तर उद्या सगळेच अडून बसतील, अशी स्वतःची समजूत घालून फोन खिशात टाकला. त्या रात्री बायकोने ती कवड किसून आमटीत घातली. पोट बरं नाही सांगून मी ताक-भातावर भागवलं.

पावसाळा संपता संपता तो मी धरून ठेवलेल्या किमतीवर उतरला.

फ्लॅट माझी लेक आणि जावई यांच्या नावावर घ्यायचा ठरला. जावई बेळगावकडचा, लेकीचं नाव लग्नात बदललेलं, त्यामुळे कागद वाचूनही मित्राला काही उमगलं नसतं; सहीही दोघांतर्फे एकटा जावईच करणार होता. नोंदणीच्या दिवशी मी गाडीतच बसून राहणार होतो. पण चेक माझ्याच खिशात राहिला होता; तो द्यायला उतरलो तर मित्र कचेरीच्या व्हरांड्यातच बसला होता आणि त्याने मला पाहिलं. मी त्याच्यासाठीच आलो, असं त्याला वाटलं. बाकावर सरकून त्याने मला जागा करून दिली. पडेल भावात जातोय, पण गिऱ्हाईक तरी मिळालं, म्हणाला. पुढच्या महिन्यात मुंबईहून जहाज होतं. गुडघ्यांना बांधायचे पट्टे घेऊन ठेवले होते.

तेवढ्यात, घरीच थांब सांगूनही जावयासोबत आलेली लेक आतून आली. "बाबा, चेक तुमच्याकडेच आहे ना?" आणि मग त्याला बघून, "काका, तुम्ही इथे कसे?"

त्याची नजर तिच्यावरून माझ्याकडे वळली. माझा हात शर्टाच्या खिशावर होता, चेक तिथेच होता. आतून शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा केला. तो गुडघ्यावर हात टेकत उठला, माझ्याकडे न बघता अगदी हळू आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि सही करायला आत गेला.