माझ्या सासूबाईंना थोरल्या बाईंनी सोडलंच नाही

माझी सासू पहिल्यांदा मेली तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते.

आज सकाळी त्या खरोखर गेल्या. कुमुदआई. माझ्या सासूबाई.

सकाळपासून मेसेज येतायत आणि प्रत्येकात तोच फोटो. वटारलेले डोळे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. 'टीव्हीवरची खाष्ट सासू हरपली.'

अहो, त्या थोरल्या बाई. आमच्या आई नव्हेत.

नव्वदच्या दशकात आई पंचवटीतल्या एका शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायच्या. सगळी विनोदी. त्यांचे दिग्दर्शक दिनूकाका सांगायचे, "कुमुद नुसती स्टेजवर येऊन चष्मा शोधायला लागली तरी लोक हसायचे."

मग सासऱ्यांची सातपूरची कंपनी बंद पडली. त्याच सुमारास मुंबईहून एका मालिकेची ऑफर आली. थोरल्या बाई नावाची, सुनेचा छळ करणारी सासू. थोड्याच दिवसांचं काम आहे, असं सांगितलं होतं.

मालिका हिट झाली. ते थोडे दिवस काही संपेचनात.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा तर मालिका अगदी भरात होती. माझे वडील लासलगावचे, कांद्याचे व्यापारी. स्थळ ऐकून आमची आत्या भरल्या ताटावरून उठली.

"लय खवट बाई हाय ती. रोज बघते ना मी. पोरगी नाय द्यायची तिथं!"

आई स्वतः लासलगावला आल्या. आत्याशी गोड बोलल्या, माझ्या केसांचं कौतुक केलं. तेवढ्यात आत्या माझ्या कानाशी लागली, "बघ, कशी गोड बोलती! आता काय तरी शिजतंय हिच्या डोक्यात."

कारण मालिकेत थोरल्या बाई विष कालवायच्या आधी अशाच गोड बोलायच्या.

हा खरा पिंजरा होता. रागावल्या तर खाष्ट, प्रेमाने बोलल्या तर कारस्थानी. बाईने करायचं काय?

लग्न झालं, मी हट्टच धरला होता म्हणून. पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अख्खी गल्ली लोटली. तिळगूळ राहिला बाजूला, सगळ्यांना सून धडधाकट आहे का ते बघायचं होतं. एका काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"खरं सांग गं. त्रास देतात का? माझा भाऊ पोलिसात आहे."

आई दारातच वाणाच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, "जेवायला घालते हो तिला. अधूनमधून."

मी हसून लोळायची बाकी होते. काकूंचा चेहरा मात्र पांढराफटक.

अशा होत्या आमच्या आई. आणि हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

एकदा मालिकावाल्यांनी ठरवलं, थोरल्या बाईंना विहिरीत ढकलायचं. आई शूटिंगहून घरी आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊनच. "मेले गं बाई एकदाची! घ्या, तोंड गोड करा." दिनूकाकांनी लगेच त्यांना विनोदी नाटकात घेतलं. तालमी सुरू झाल्या. आई भाजी निवडतानासुद्धा वाक्यं म्हणायच्या. त्यांना इतकं खुश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग मुंबईहून फोन आला. प्रेक्षक नाराज आहेत. थोरल्या बाई विहिरीतल्या कपारीला अडकून वाचल्या, असं दाखवायचंय. करार संपलेला नव्हता आणि घर त्यांच्याच कमाईवर चाललं होतं.

आईंनी रिसीव्हर खाली ठेवला. "काढलं मला वर," एवढंच म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या. नाटकातलं काम दुसऱ्या बाईंनी केलं.

मालिका संपली तोवर आईंचे गुडघे गेले होते. दिनूकाका पुन्हा आले. तेच नाटक, तीच भूमिका, साखर मागायला येऊन घरात ठाण मांडणारी शेजारीण.

थिएटर गच्च भरलं. मी विंगेत पाण्याची बाटली घेऊन उभी.

आई आत आल्या. "वाटीभर साखर द्या हो. घाई नाही, मी बसते." आणि थांबल्या. लोकांना हसायला वेळ द्यायची त्यांची सवय.

कुणी हसलं नाही.

दुसरं वाक्य. पुन्हा थांबल्या. चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तर आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

अख्खा अंक तसाच गेला. वाक्य, थांबणं, शांतता. आईंनी एकही वाक्य गाळलं नाही की घाईने उरकलं नाही. मला तिथे उभं राहवेना.

मध्यंतरात विंगेत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. "अगं, ते वाट बघतायत."

"कशाची?"

"मी साखरेत काय मिसळते, त्याची."

मला खुदकन हसू फुटलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "चला. तू तरी हसलीस," म्हणाल्या.

नाटक संपल्यावर ही रांग लागली. "थोरल्या बाई, ते डोळे वटारून दाखवा ना एकदा!" आईंनी दाखवले, ज्याने मागितलं त्याला. तेव्हा मात्र सगळे खदखदून हसत होते.

घरी जाताना रिक्षात त्या हळूच म्हणाल्या, "दिनूला सांग, आता नको."

त्यानंतर त्या स्टेजवर चढल्या नाहीत. दिनूकाका विचारत राहिले, आई चहा करून विषय बदलत राहिल्या.

आई, स्वयंपाकघरात तुम्ही आम्हाला पोट दुखेपर्यंत हसवलंत. तुम्हाला भरलेलं थिएटर हवं होतं आणि मिळाली आमची चार टाळकी. याचा मला आज फार राग येतोय. कुणाचा, ते कळत नाही.

ज्यांनी ज्यांनी तुम्हाला घाबरून वाया घालवलं, त्यांना एवढंच सांगते. माझी सासू फार विनोदी बाई होती हो.

या आता, आई. साष्टांग नमस्कार.