जिथे मी चांगली दिसते ते पान

लिहून मन मोकळं होतं, असं सांगणाऱ्या माणसांचा मला राग यायचा. मन मोकळं करायला भांडण असतं की! मी दहा महिने दादाशी एक शब्द बोलले नव्हते आणि माझं मन पुरेसं मोकळं झालंय, अशी माझी समजूत होती.

भांडण कशाचं, ते आधी सांगते. साथीच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, बाबांना पुण्यात ॲडमिट केलं. मी इकडे नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पला, एकटी; मला कोणी कळवलंच नाही. आमचा रविवारचा व्हिडिओ कॉल ठरलेला असे. त्या दोन रविवारी दादा म्हणाला, "बाबा झोपलेत गं, आत्ताच जेवून पडलेत." मी म्हटलं, झोपू दे. मग बुधवारी सकाळी ऑफिसचा कॉल चालू असताना त्याचा फोन आला. बाबा गेले होते. विमानं बंद होती, त्यामुळे निघण्याचा प्रश्नच नव्हता. आईवर रागावणं शक्य नव्हतं, म्हणून सगळा राग दादावर निघाला. तू मला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू दिला नाहीस, असं त्याला म्हणाले आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. त्यानंतर फक्त आईशी बोलायचे, तेही हवापाण्याचं.

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. आमच्या गल्लीत एका घरासमोर पुस्तकांचं छोटं लाकडी कपाट आहे. आपल्याला नको ते तिथे ठेवायचं, हवं ते घेऊन जायचं. तिथे मला एक कोरियन कादंबरी मिळाली, इंग्रजी अनुवादातली, पावसाने फुगलेली. सोलमध्ये कपडे दुरुस्त करणारी एक बाई. तिची धाकटी बहीण गेलीय आणि ती त्याबद्दल कोणाशी चकार शब्द काढत नाही. दुकान बंद केलं की चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून आपली हकिगत लिहिते. तिचा एकच नियम असतो: ज्या पानावर आपण चांगले दिसतो, ते फाडायचं.

पुढे मी अशा बऱ्याच कोरियन कादंबऱ्या वाचल्या. त्यांतली माणसं फार बोलत नाहीत, वही काढतात आणि स्वतःबद्दल लिहायला लागतात. लिहून ती सुखी होतात असंही नाही. शेवटी फार तर पोटभर जेवतात, नीट झोपतात. बरं होणं म्हणजे एवढंच असेल तर ते मला चालणार होतं, कारण माझी झोप उडून बरेच महिने झाले होते.

वही आणली. रोज लॅपटॉप उघडायच्या आधी एक पान, मराठीत. इथे आल्यापासून सामानाच्या यादीपलीकडे मी मराठी लिहिलं नव्हतं, तरी पहिली तीस पानं झरझर आली. वाचून बघितली तर प्रत्येक पानावर दादा खलनायक आणि मी बिचारी. नियम म्हणजे नियम, सगळी फाडली. पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली. कागदाच्या कचऱ्याचा निळा डबा त्या महिन्यात माझ्या दुःखाने भरला. पण मी सोडलं नाही. हिने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही, असं बाबाच म्हणायचे.

फेब्रुवारीत, नियमात बसणारं पान काही सापडेना म्हणून, मी आणखी एक वर्ष मागे गेले. साथीच्या पहिल्याच वर्षी मी स्वतः आजारी पडले होते. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली. आठवड्याने मी दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. तिथून दादाला फोन केला. "आई-बाबांना कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे." तो म्हणाला, "अगं, सांगू दे ना त्यांना." मी धाप लागेपर्यंत त्याच्यावर ओरडले.

रविवारी पलंगावर बसून लॅपटॉप लावला. मागे माझ्या हॉलचा फोटो चढवला. त्यात सोफा, मनीप्लँट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी. नाकातली नळी काढून दहा मिनिटं हसत बोलले. नर्स डचमध्ये खूप रागावली. असे तीन रविवार केले. तिसऱ्या वेळी बाबांना दोन मिनिटांतच गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं आणि मला सुटल्यासारखं झालं. दादा त्यांच्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होता.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. घरच्यांशी खोटं कसं बोलायचं, ते दादाला मीच शिकवलं होतं. वर शपथ घालून. फार लाज वाटली. मग रडले, आणि त्या दहा महिन्यांत पहिल्यांदा रागाने नाही, बाबांसाठी रडले. हे पान फाडता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक काढला आणि भर दुपारी दादाला फोन लावला.

"काही बोलू नकोस, आधी ऐक," म्हटलं आणि ते पान वाचून दाखवलं.

"बाबांना माहीत होतं," दादा म्हणाला.

"तू सांगितलंस?"

"नाही गं. दुसऱ्या रविवारी कॉल संपल्यावर म्हणाले, हिच्या घरचं घड्याळ आठवडाभर दहा वाजून दहा मिनिटांवरच आहे. मग माझ्याकडून सगळं काढून घेतलं. आईला कळू दिलं नाही. तिसऱ्या रविवारी गॅसवर दूध वगैरे काही नव्हतं. तू दमशील म्हणून उठले."

"आणि एप्रिलमध्ये?"

"ॲडमिट होतानाच म्हणाले, तिला कळवू नकोस. मी म्हटलं, बाबा, ती मला जन्मात माफ करायची नाही. तर हसले. म्हणाले, तिला सांग, फिट्टंफाट." मग म्हणाला, "सांगणार कसं? तू फोनच घेत नव्हतीस."

ते सगळं मी वहीत लिहून ठेवलं. त्या पानावर बाबा फार चांगले दिसतात. पण नियम माझ्यापुरता आहे, त्यांना लागू नाही.