माझ्या वाईनमधला आंबा

चहा आधी संपवा. पुढचं ऐकताना ठसका लागला तर दोष चहाला द्याल, म्हणून सांगतोय. माणसानं आयुष्यात गाढवपणा करू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तो नऊशे शब्दांत लिहून, फोटोसकट, जगाला वाचायला ठेवावा का? मी ठेवला!

मी कर्जतचा. नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत. म्हणजे उभी हयात 'वास घेऊ नये' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांच्या सहवासात गेली. अशा माणसाला वाईनचा नाद कसा लागला? खोपोलीत आमच्या एका साहेबांच्या निरोपाची पार्टी होती. सगळे बिअरवर तुटून पडले आणि माझ्या वाट्याला चुकून रेड वाईनचा ग्लास आला. एक घोट घेतला. आधी जीभ आक्रसली, मग हळूहळू जांभळं खाल्ल्यासारखं काहीतरी तोंडात पसरत गेलं. तिकडे साहेबांच्या कौतुकाची भाषणं चालली होती आणि इकडे मी ग्लासात नाक घालून बसलो होतो. तिथेच ठरवलं, हे शिकायचं. नुसतं प्यायचं नाही, शिकायचं!

आणि आमच्या घराण्यात ठरवलं म्हणजे ठरवलं. वडिलांनी पन्नाशीत पोहायला शिकायचं ठरवलं आणि उल्हास नदीचं निम्मं पाणी पिऊन का होईना, शिकले. मी पुस्तकं आणली, व्हिडिओ बघितले, ग्लास धरायचा कसा, फिरवायचा कसा, सगळं पाठ केलं. रोज वाईन कोण देणार? म्हणून सराव ताकावर केला.

"अहो, ताक आहे ते," बायको म्हणाली. "फिरवताय काय? प्या आणि उठा."

बायकोचं नाव मधुरा. नावात काय असतं म्हणतात ते खरंय.

पुढे मी ब्लॉग सुरू केला. 'घाटाखालचा ग्लास'. नाव झकास की नाही? वाचक अकरा. त्यातली एक मधुरा, आणि तिलाही मी मोठ्यानं वाचून दाखवायचो म्हणून. शेवटी तिनं निर्वाणीचं सांगितलं, "वर्षभर बघते. तेवढ्यात एका तरी जाणकार माणसानं तुमची दखल घेतली तर आयुष्यभर लिहा. नाहीतर हे ग्लास माळ्यावर जातील आणि तुम्ही रविवारची भाजी आणायला."

मला इरेला पेटायला एवढं पुरे होतं. नाशिककडे एका वैद्य मॅडमची छोटीशी वायनरी आहे. तिथे जाऊन त्यांची रेड वाईन चाखली. तेच जांभूळ! एकाच जातीच्या बारा बाटल्या घेऊन आलो. पुस्तकात लिहिलं होतं, बाटल्या आडव्या ठेवा, अंधारात, शांत, धक्का न लागता. आमच्या फ्लॅटमध्ये मार्चमध्ये मेणबत्तीसुद्धा उभी राहत नाही. मग आठवली यमुनाआत्या.

यमुनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला तिचं घर. घराला माळा. माळ्यावर काळोख, शांतता आणि भाताचा हातभर पेंढा अंथरलेला. जणू माझ्यासाठीच!

"ह्ये काय आनलंस रं, अन्या?"

"वाईन. द्राक्षांची असते. अंधारात आडवी ठेवायची."

"दारू म्हन की सरळ. ठेव. पन पेंढ्यात नको ठेवूस, तो पेंढा मी..."

"आत्या, ह्याचं शास्त्र असतं. फ्रान्समध्ये पेंढ्यातच ठेवतात." हे फ्रान्सचं मी तिथल्या तिथे रचलं.

"आमी अडानी मानसं. पन आईक तर..."

"तू एकच कर. बाटल्यांना हात लावू नकोस. जिथे आहेत तिथेच राहू देत."

आत्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नाय लावत," म्हणाली. हे वाक्य ध्यानात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

मे संपत आला तेव्हा एक बाटली न्यायला गेलो. माझा गुडघा दुखत होता, म्हणून पंचाहत्तरीची आत्याच सरसर शिडी चढली, बाटली घेऊन आली, पदरानं पुसून माझ्या हातात दिली. वर पिशवीभर आंबे दिले. ते मी मागच्या सीटवर टाकले आणि बाटली मात्र लेकरासारखी मांडीवर घेऊन घरी आलो.

घरी बाटली उघडली. बूच आपलं आपणच जरासं वर आलं होतं. मी म्हटलं, बघा, वाईन किती आतुर झालीय! ग्लासात ओतली, फिरवली, नाक घातलं आणि ताठ झालो. आंबा! चक्क आंबा! मागून वाळलेल्या गवताचा वास आणि शेवटी मुरंब्याची गोडी.

"मधुरा, वास घे! काय येतंय?"

"जॅमची बरणी उघडी राहिल्यासारखं येतंय."

"जिभेला वळण लागतं गं त्याला."

"मग लावा," म्हणत ती कुकर लावायला गेली.

मी मात्र बसलो लिहायला. 'सह्याद्रीच्या कुशीत वाईनला आला मोहर!' नऊशे शब्द. त्यात 'माझं सेलर', म्हणजे वाईन मुरवायचं तळघर, हा शब्द सात वेळा. आंबा नुसता नाही, रायवळ आंबा. पेंढा नुसता नाही, नुकत्याच झोडलेल्या भाताचा. कुणीतरी तो लेख इकडे तिकडे पाठवला आणि काय सांगता, वाचकांची रांग लागली! लोकांनी तीच वाईन आणून प्यायला सुरुवात केली.

"आम्हाला आंबा लागला नाही," एकानं लिहिलं.

"घाई करू नका. ग्लास फिरवा," माझं उत्तर.

"फिरवला. मनगट दुखतंय."

"संयम ठेवा. नाक तयार व्हायला वर्षं जातात." बघा, किती मस्ती चढली होती!

आणि मग एके सकाळी खुद्द वैद्य मॅडमची प्रतिक्रिया आली. 'ही वाईन मी स्वतः बनवते. मला तिच्यात आंबा कधीच सापडला नाही. तुम्हाला सापडला असेल तर मला तो बघायचाच आहे. या आठवड्यात कर्जतवरून जाणार आहे. तुमचं सेलर दाखवाल का?'

मला आकाश ठेंगणं झालं. मी फोन मधुराच्या नाकासमोर धरला. "जाणकार माणूस. दखल. आता बोल!"

"सेलर कुठलं दाखवणार? आत्यांचा माळा?" तिनं विचारलं. असले बारीकसारीक प्रश्न मी कानाआड केले.

मॅडम आल्या. बरोबर त्याच वाईनची एक बंद बाटली, गार ठेवलेली, आणि दोन ग्लास. कर्जतपासून कशेळ्यापर्यंत मी त्यांना त्यांच्याच वाईनबद्दल व्याख्यान दिलं. बाई फार सोशिक. अधूनमधून "असं होय?" म्हणायच्या, बस्स. मधुरा मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते.

आत्यानं पाणी दिलं, गूळ दिला. मॅडम शिडी चढल्या. मागोमाग मी, गुडघा सांभाळत. माळ्यावर डोकं काढलं तर मॅडम पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या.

"अनिलराव, जरा तुम्हीही हात घाला."

घातला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा पेंढा गरम! मॅडमनी तो बाजूला केला. खाली पिवळेधमक आंबे. आंब्यांना खेटून माझी बाटली. मग पुन्हा आंबे. पुन्हा बाटली. एका बाटलीच्या डोक्यावर तर आंबा पिकून फुटलेला आणि त्याचा रस बुचावर टपकत होता.

आढी हो, आढी! कच्चे आंबे पेंढ्यात दडपायचे, त्याच्या उबेनं ते पिकतात. आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा हे जाणतं. चार वर्षांचा असताना ह्याच माळ्यावरून मी आंबे चोरले होते. विसरलो कधी? तर वाईन शिकल्यावर.

"आत्या!" मी वरूनच ओरडलो. "बाटल्यांमध्ये आंबे का घातलेस?"

"मंग कुठं घालू? आढीची जागा तीच, दर सालची. बाटल्यांना हात लावू नको म्हनलास, नाय लावला. बाजू-बाजूनं घातले. मी सांगत व्हते, तर तू फ्रान्सला गेलास!"

खाली मधुरा ओटीवर चक्क बसकण मारून हसत होती. आणि मॅडम? त्या शांतपणे खाली उतरल्या. एका ग्लासात त्यांच्या बाटलीतली वाईन ओतली, दुसऱ्यात माळ्यावरून आणलेल्या माझ्या बाटलीतली. दोन्ही ग्लास आत्यासमोर धरले.

"नुसता वास घेऊन सांगा."

आत्यानं जन्मात असल्या पदार्थाला तोंड लावलं नव्हतं. पदर सावरत तिनं पहिल्या ग्लासात नाक घातलं. "ह्यो बरा हाय. जांभळावानी." मग दुसऱ्यात. लगेच मान मागे. "ह्यो शिजलाय रं, अन्या!"

मॅडमनी टाळीच वाजवली. "शिजलाय! नेमका हाच शब्द! उबेनं वाईन शिजते. अनिलराव, तुम्ही नऊशे शब्द लिहिलेत. आत्यांनी एका शब्दात सांगितलं."

धरणीमाता पोटात घेईल तर शपथ! खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. मनगट दुखेपर्यंत ग्लास फिरवणाऱ्या त्या गरीब माणसाला मी काय सांगणार होतो? जाताना मॅडमनी पिशवीभर आंबे नेले आणि माझी एकही बाटली नेली नाही.

पण म्हणून ब्लॉग बंद करू? छट्! वडील नदीत गटांगळ्या खाऊनही दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचे. मी घरी येऊन सगळं जसंच्या तसं लिहिलं, नाव न लपवता, फ्रान्सच्या थापेसकट. उरलेल्या बाटल्यांतली एकेक उघडून ती नक्की कशी शिजलीय हेही शिकलो. आता शिजलेली वाईन मी दारातून ओळखतो. तेवढी एकच ओळखतो, पण खात्रीनं ओळखतो.

मधुरानं दिलेली वर्षाची मुदत संपायला आठवडा उरला असताना वायनरीकडून एक खोकं आलं. आत नव्या वाईनची बाटली आणि चिठ्ठी: 'बाजारात पाठवण्याआधी आपलं मत हवं आहे.'

मी खोकं डोक्यावर घेऊन नाचायचा तेवढा राहिलो. "वाचलंस? मत मागतायत! ग्लास माळ्यावर जाणार नाहीत!"

मधुरानं चिठ्ठी वाचली. मग खोकं फिरवून पत्ता वाचला, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाली, "निघा. कशेळ्याला पोचवायचं आहे."

खोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: श्रीमती यमुनाआत्या यांस. आणि खाली, बारीक अक्षरात: मार्फत, घाटाखालचा ग्लास.