झऱ्यातले शिंपले

त्या वैशाखात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

विहीर धसईच्या अलीकडे, आमच्या भातखाचरांच्या कडेला. चार पुरुष खोल, म्हणजे एकावर एक चार माणसं उभी राहतील एवढी. लढाईची वर्षं होती. मुंबईच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकून मी नुकताच घरी आलो होतो. आमच्या प्राध्यापकांच्या हाताखाली एक जागा निघणार होती आणि ती मलाच मिळावी म्हणून मी इतका उतावीळ झालो होतो, की जेवताना भातातला खडासुद्धा निरखून बघत होतो.

गाळ काढताना तळाच्या कातळात वीतभर जाडीची पांढरी पट्टी दिसली. वर काळा दगड, खाली काळा दगड, आणि मधल्या पट्टीत शिंपले. हातोडीशिवाय निघेनात इतके घट्ट. भिंगाखाली धरले तर खाऱ्या पाण्यातले, आजही खाडीत मिळतात त्याच जातीचे. आमच्या कातळाच्या वयापुढे ही जात म्हणजे कालचं पोर. मग ती कातळाच्या पोटात शिरली कशी? पट्टीत काळे कणही होते. ते मी जुन्या वनस्पतींचे अवशेष ठरवून मोकळा झालो. दोन दिवसांत माझ्या डोक्यात समुद्र मुरबाडपर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्या दिवशी तसं प्राध्यापकांना लिहून कळवलंही, सोबत एक शिंपला.

त्यांचं कार्ड आलं. जागा पाहिल्याशिवाय बोलू नये, जुन्या थरांत नवं काही सापडलं तर आधी ते कोणत्या वाटेने आत आलं ते शोधावं, रविवारी येतो.

वाट शोधण्याइतका धीर मला कुठला? मी दिवसातून पाच-पाच वेळा विहिरीत उतरायचो, पट्टी मोजायचो, वर यायचो आणि उगाच धसईपर्यंत चालत जाऊन परत फिरायचो. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला काय कळणार, असं वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते.

शनिवारी तिनेच विचारलं, “सारका हिरीत काय उतरतोस रे? पाय घसारला मंजी?”

मी मोठ्या ऐटीत शिंपला तिच्या हातावर ठेवला. तिने तो नखाने खरवडला, वास घेतला.

“ह्यो तं चुना. कच्चा रायलाय, भाजलाच नाय धड.”

मी हसलो. ती हसली नाही. खाली बसली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बोलू लागली. मी शाळेसाठी शहापूरला मामाकडे होतो त्या वर्षी गावात पटकी आली आणि माझी धाकटी बहीण त्यात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. ती चार वर्षांची होती. पुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

“रोग झऱ्यातनं येतो, आसं समदी बोलत व्हती. मंग हीर उपसली नि कल्यानच्या खाडीवरचा शिंपल्यांचा चुना आनला. तुजा बाप वरनं टोपल्या सोडी, मी खाली हातानं झऱ्यात भरी. पार बुजवला. पोरगी तं गेलीच व्हती. पन तू सुट्टीत येनार व्हतास.”

माझं सगळं शास्त्र एका दमात ढासळलं. काळे कण म्हणजे भट्टीतला कोळसा. पट्टी म्हणजे कातळातली झऱ्याची खोबण. थर नव्हताच, भरलेला चुना होता. मला चुना लागला होता, आणि तोही घरचाच. त्या वर्षापासून विहिरीला पाणी का कमी झालं, तेही तेव्हाच कळलं.

तरी येऊ नका अशी तार मी प्राध्यापकांना केली नाही. मनातल्या मनात म्हणत राहिलो, कदाचित पट्टीचा आतला भाग खरा असेल. कदाचित त्यांच्या लक्षात येणार नाही. जागेची हाव फार वाईट असते. माझी तर फारच वाईट होती.

रविवारी प्राध्यापक कोळशावर चालणाऱ्या मोटारीने मुरबाडला उतरले आणि तिथून बैलगाडीने आले. साठीचे गृहस्थ, पण धोतराचा काचा मारून सरळ विहिरीत उतरले. मी मागोमाग. आई वर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. त्यांनी पट्टीचा एक तुकडा काढला, भिंगाखाली फिरवला, काळा कण बोटावर चोळला. बोट काळं झालं. त्यांनी खोबणीत हात घालून आतपर्यंत चाचपलं.

“हा चुना आहे. झरा बुजवलाय कोणीतरी,” ते म्हणाले. “कोणी, काही माहीत आहे तुम्हाला?”

“कल्पना नाही, सर,” मी म्हणालो.

वरून आवाज आला, “मी भरलाय, सायेब.”

प्राध्यापकांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. वर येऊन आईच्या हातचं पाणी प्याले, तिला नमस्कार केला आणि गाडीत बसले. ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचं वाईट वाटलं, पण ते वर्षभरात ओसरलं.

गाडी वळणाआड गेल्यावर आई माझ्याकडे न बघता तांब्या विसळत राहिली.

“काल तं तुला समदं सांगितलं,” ती म्हणाली. “मंग ठावं नाय आसं का बोललास रे? चुन्याची लाज वाटली, का माजी?”

मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि घराकडे चालू लागलो. पुढे ती अनेक वर्षं होती, पण तिने पुन्हा विचारलं नाही.