विश्वकर्म्याच्या ताटातला पेन ड्राइव्ह

दुर्गजवळच्या सुपेला बाजारातला कॉम्प्युटरवाला मला चौकात पाहिलं की मान फिरवतो. खरं तर मान मी फिरवायला पाहिजे, कारण फसलो मी. पण त्याचं म्हणणं, मी हे स्वतःहून मागून घेतलं. आणि ते तो गिऱ्हाइकांसमोर सांगतो, म्हणून माझा राग अजून ताजा आहे.

माझं वर्कशॉप लहान आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन. इथल्या पोलाद कारखान्यातला झिजलेला पार्ट नमुना म्हणून येतो, आम्ही माप घेऊन तसाच नवा करून देतो. वडील भंडाऱ्याकडून येऊन त्याच कारखान्याच्या भट्टीवर राबले. मी हे शेड घासाघीस करून उभं केलं. कोणी भाव सांगितला की मी आधी हसतो, मग उठतो, मग दारातून परत येतो आणि शेवटी विचारतो, वरून काय देता?

कॉम्प्युटरही असाच घेतला. दुकानदाराच्या कागदावर तीन गोष्टी जास्तीच्या दिसल्या: ओरिजिनल सिस्टिम, अँटिव्हायरस आणि बॅकअपची डिस्क.

"ये तीनों निकाल दो," मी म्हणालो.

"सेठजी, फिर चलेगा कैसे?"

"जैसा सबका चलता है।"

त्याने चोरीची सिस्टिम टाकली आणि ती चालू करायला कसलीशी चावी टाकली. यंत्रातच व्हायरस पकडणारा एक फुकटचा रखवालदार होता, तो चावी पाहून सारखा इशारे देऊ लागला. दुकानदाराने त्याला बंद केलं. "ये हमारी चाबी को चोर समझता है," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. त्या दुकानात अक्कल असलेला तो रखवालदार एकटाच होता. वरून म्हणून मी एक पेन ड्राइव्ह उपटला आणि जिंकून घरी आलो.

पुढे कित्येक वर्षं काही झालं नाही, त्यामुळे मी शहाणा ठरलो. मग एका सकाळी आमच्या ड्राफ्ट्समनकाकांनी हाक मारली. काका कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमधून निवृत्त झालेले, आवाज कधी चढवत नाहीत. पडद्यावर इंग्रजी मजकूर होता: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, पैसे द्या, किल्ली घ्या.

"भाऊ, हे खंडणी मागून राहिले," काका म्हणाले.

"अर्ध्यात देता का, विचारा."

काकांना वाटलं, मी थट्टा करतोय. पण खरं सांगतो, मला जरा बरंच वाटलं होतं. मागणारा भेटला म्हणजे सौदा आला. मी काकांकडून निम्म्याचा निरोप पाठवला आणि दारातून निघून गेल्यासारखा तासभर गप्प बसलो. उत्तर आलं. मागणी दुप्पट झाली होती. मी उठून गेल्यावर भाव चढवणारा माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटला, आणि त्याचं तोंडही दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात कारखान्यातून दोन शाफ्ट जोडणाऱ्या एका जुन्या कपलिंगची मागणी आली होती. आम्हीच केलेलं काम, पण नमुना कधीच भंगारात गेला होता. मापं होती ती फक्त त्या कुलपातल्या फायलीत. चार दिवसांत ड्रॉइंग दिलं नाही तर काम शेजारच्या शेडवाल्याकडे जाणार होतं, आणि तो आत्तापासूनच मला चहाला बोलवत होता.

मी भाचीला बोलावलं. ती मरोद्याला राहते, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने आधी नेटची वायर उपटली.

"मामाजी, पैसे देऊ नका. देऊन बी फायली भेटतीलच असं नाही. दुसरी कॉपी कुठं हाये?"

"एकच वस्तू दोनदा कावून ठेवायची?"

ती भिंतीकडे बघू लागली. तिथे लेथचे दोन जादाचे नवे पट्टे टांगलेले होते. "मग हे कावून टांगले?"

मी तिला चहा विचारला.

तेव्हा काका खाकरले. विश्वकर्मा पूजेला आम्ही लेथपासून व्हर्निअरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावतो. एका वर्षी तीर्थ शिंपडून कीबोर्ड मेला, तेव्हापासून कॉम्प्युटरला देवाच्या पाण्यापासून दूर ठेवायचं, असा माझाच हुकूम. म्हणून कॉम्प्युटरच्या जागी काका दर पूजेला सगळी ड्रॉइंगं त्या वरून मिळालेल्या पेन ड्राइव्हवर उतरवत आणि तो ताटात ठेवत. पूजा झाली की लाल कापडात बांधून तसबिरीमागच्या डब्यात. "देव हे उघडणार कशावर?" असं मी त्यांना दरवर्षी चिडवत आलो होतो.

भाचीने तो आपल्या लॅपटॉपवर उघडला. पेन ड्राइव्हला कुंकू लागलेलं होतं. कपलिंग सापडलं. गेल्या पूजेनंतरची पाच महिन्यांची ड्रॉइंगं मात्र गेली ती गेलीच.

मग तिने कॉम्प्युटर पुसून लिनक्स टाकलं. मी भाव विचारला.

"फुकट."

"चोरीचं तं नाही?"

"नाही. ज्यांनी बनवलं त्यांनीच वाटलं. आत काय लिहिलं हे कोणालेही पाहता येते."

"आणि वरून?"

"वरून अपडेट. ते आले तं दाबाचं, मामाजी, उद्यावर टाकाचं नाही."

मी अस्वस्थ झालो. शून्याचं अर्धं किती करणार, आणि उठून जाणार तरी कोणासमोरून? म्हणून मी तिच्या मजुरीकडे वळलो.

"लिनक्सचा भाव पाहिजे तेवढा पाडा," ती म्हणाली. "माझा नाही." एक रुपया सोडला नाही. रक्त आमचंच.

तिथून मी सरळ सुपेल्याला जाऊन दुकानदारावर ओरडलो. तो चार गिऱ्हाइकांसमोर शांतपणे म्हणाला, "सेठजी, आपने जो निकलवाया, वही तो गया।" ह्यासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही.

कपलिंगचं ड्रॉइंग तिसऱ्या दिवशी दिलं. शेजाऱ्याचा चहा बंद झाला. आता काका दर शनिवारी कॉपी काढतात, आणि अगरबत्तीही लावतात. देवाला वगळलं तर कॉपी लागणार नाही, असं त्यांचं मत आहे. एक पेन ड्राइव्ह तसबिरीमागे राहतो, दुसरा माझ्या खिशातून पद्मनाभपुरला घरी जातो. हा दुसरा मी मुद्दाम दुर्गच्या दुकानातून घेतला, सांगितल्या भावाला, एक शब्द न बोलता. सुपेल्यात ही बातमी पोहोचेल अशी व्यवस्थाही केली.